हात न लागलेला सेट

जुना सीबी सेट विकत घेताना मी आधी त्याची पुढची बाजू बघत नाही. तो उलटा करतो आणि तळाचे स्क्रू बघतो. खाचा स्वच्छ असतील, त्यांच्यावरचा रंग उडाला नसेल, तर ती पेटी पन्नास-साठ वर्षांत फारशी उघडली गेलेली नाही. खाचा झिजलेल्या आहेत, एक स्क्रू वेगळ्याच मापाचा आहे, एक तर गायबच आहे, असं दिसलं की आत बरेच हात फिरून गेलेत हे समजावं. व्हॉल्व्हच्या सीबी बेस सेटांच्या संग्रहात मॉडेल दुर्मीळ असण्यापेक्षा सेट न छेडलेला असणं जास्त दुर्मीळ आहे. असं का, ते कळायला हा सेट आतून कसा चालतो हे नीट समजून घ्यावं लागतं. म्हणून हा लेख थोडा सावकाश जाणार आहे.

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, अमेरिकेतल्या सामान्य माणसाला बोलण्यासाठी मोकळी ठेवलेली रेडिओची पट्टी. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९४५ साली, तिथल्या दळणवळण आयोगाने अशी पट्टी प्रथम ठरवली, पण ती ४६० ते ४७० मेगाहर्ट्झच्या घरात होती. त्या वारंवारतेवर चालणारे सेट तेव्हा महागही होते आणि लहरीही. खरी सुरुवात झाली ११ सप्टेंबर १९५८ रोजी. हौशी बिनतारी मंडळींकडचा ११ मीटरचा पट्टा काढून तिथे २७ मेगाहर्ट्झच्या आसपास २३ चॅनेल आखले गेले. परीक्षा नाही, मोर्सचे कट्ट-कडकट्ट नाही. अर्ज भरायचा, आपलं बोलावण्याचं चिन्ह मिळवायचं आणि बोलायला लागायचं. शेतकरी, प्लंबर, छोट्या होड्यांचे मालक, दुकानदार यांनी हे सेट घेतले. एक गाडीत आणि एक घरी किंवा दुकानात. घरातल्या सेटला ‘बेस’ म्हणायचे. तो घरच्या विजेवर चालायचा, टेबलावर बसायचा आणि त्याची अँटेना छतावर असायची. ताशी पंचावन्न मैलांच्या वेगमर्यादेचा तो प्रसिद्ध नियम, १९७३ चं तेलसंकट, ट्रकवाल्यांची सांकेतिक बोली आणि त्यावरची गाणी, हे सगळं नंतरचं. तोवर गाड्यांमधले सेट ट्रान्झिस्टरवर गेलेले होते. टेबलावरच्या पेट्यांमध्ये मात्र काही कंपन्या सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत व्हॉल्व्ह लावत राहिल्या.

आता एखादा शब्द आपण त्याच्यामागोमाग चालत पाहू. बेस सेटच्या माइकवर कुणी ‘हॅलो’ म्हणालं, तर पुढे काय होतं?

माइकमधून निघणारा विद्युतप्रवाह अगदी क्षीण असतो. तो पहिल्या व्हॉल्व्हच्या जाळीवर जातो. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची कुपी. तिच्या मध्यभागी तापलेली तार असते, तिच्याभोवती कॅथोडची बारीक नळी, भोवती तारेची जाळी आणि सगळ्यांत बाहेर प्लेट. तापलेल्या कॅथोडपासून इलेक्ट्रॉन सुटतात. प्लेटवर शे-दोनशे व्होल्टचा धन दाब असतो, म्हणून ते तिकडे धावतात. वाटेत जाळी आहे. जाळीवरचा ऋण दाब किंचित वाढला की इलेक्ट्रॉनची धार रोडावते, किंचित कमी झाला की फोफावते. नळाची चावी बोटभर फिरवावी आणि पाण्याची धार हातभर बदलावी, तसं हे आहे. माइकची कुजबुज चावी फिरवते, प्लेटवरचा प्रवाह मोठ्याने तेच म्हणतो.

या पहिल्या टप्प्यावर बहुतेक सेटांत १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह असतो. एकाच कुपीत दोन स्वतंत्र ट्रायोड. नावातला पहिला आकडा तार तापवायला लागणारा दाब सांगतो: ६ म्हणजे ६.३ व्होल्ट, १२ म्हणजे १२.६ व्होल्ट. युरोपीय पद्धतीत हाच व्हॉल्व्ह ईसीसी८३. ध्वनीच्या शेवटच्या टप्प्यावर अनेकदा ६बीक्यू५ किंवा ६एक्यू५ सापडतो. ६बीक्यू५ म्हणजे युरोपीय नावाने ईएल८४. हे नाव आपल्याकडच्या जुन्या रेडिओ मेकॅनिकना चांगलं परिचयाचं आहे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने युरोपीय नावांचे व्हॉल्व्ह बनवले, त्यात ईएल८४ होता. आजोबांच्या रेडिओतला एखादा ईएल८४ घरच्या कपाटात असेल, तर तो अमेरिकन सीबी सेटमध्ये ६बीक्यू५च्या जागी बिनतक्रार बसेल. १२एएक्स७ आणि ईएल८४ या दोन्ही व्हॉल्व्हना आजही मागणी आहे, कारण गिटारच्या अँप्लिफायरमध्ये तेच लागतात. त्यामुळे त्यांची नवी उत्पादनं मिळतात. ज्या व्हॉल्व्हांना गिटारवाल्यांची साथ नाही, ते जुन्या साठ्यातूनच शोधावे लागतात.

‘हॅलो’ आता काही वॅट ताकदीचा झालाय. इथे या सेटांच्या रचनेतली मला सर्वांत आवडणारी काटकसर येते. ऐकण्याच्या वेळी ध्वनीचा हाच शेवटचा व्हॉल्व्ह स्पीकर वाजवतो. माइकचं बटण दाबलं की आतला रिले खट् करून पालटतो आणि तोच व्हॉल्व्ह प्रक्षेपणाच्या शेवटच्या व्हॉल्व्हला आवाज पुरवायला लागतो. एका व्हॉल्व्हची दोन कामं. दुरुस्ती करणाऱ्याला याचा मोठा फायदा होतो. स्पीकरचा आवाज स्वच्छ आणि भरदार असेल, तर बोलण्याच्या बाजूचा निम्मा रस्ता ठीक आहे असं लगेच कळतं.

दुसरीकडे क्रिस्टलवर, म्हणजे ठरलेल्या एकाच वारंवारतेने थरथरणाऱ्या स्फटिकावर, चालणारा ऑसिलेटर २७ मेगाहर्ट्झची शांत, सारखी लहर तयार करत असतो. तिला कॅरिअर म्हणतात. शेवटच्या व्हॉल्व्हला कायद्याने जास्तीत जास्त ५ वॅट खाऊ द्यायचे, त्यातले साधारण ३ ते साडेतीन वॅट अँटेनाकडे पोचायचे. या व्हॉल्व्हची प्लेट जिथून उच्च दाब घेते, त्या वाटेतच ध्वनीचा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. म्हणून आवाजाच्या चढउतारासरशी प्लेटचा दाबच वरखाली होतो. पूर्ण जोरात बोललं की दाब एका क्षणी दुप्पट होतो आणि दुसऱ्या क्षणी शून्यापर्यंत उतरतो. दाब दुप्पट झाला की प्रवाहही दुप्पट, म्हणजे त्या क्षणाची ताकद चौपट. हे साधायला ध्वनीच्या बाजूने किती वॅट लागतात? शेवटचा व्हॉल्व्ह जितके खातो त्याच्या निम्मे, म्हणजे अडीच. ६एक्यू५सारख्या साध्या व्हॉल्व्हला तेवढे सहज जमतात. सगळ्या सेटचा तोल या हिशेबावर उभा आहे. तो पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

आता चॅनेलांकडे. सुरुवातीच्या सेटांत प्रत्येक चॅनेलला दोन क्रिस्टल लागायचे, एक बोलायला आणि एक ऐकायला. चॅनेल ९ घ्या. बोलण्याचा क्रिस्टल २७.०६५ मेगाहर्ट्झचा. ऐकण्यासाठी रिसीव्हर येणाऱ्या लहरीत आपली स्वतःची लहर मिसळतो आणि दोघींतला फरक नेहमी ४५५ किलोहर्ट्झ ठेवतो. म्हणून ऐकण्याचा क्रिस्टल २६.६१०चा. पुढच्या सगळ्या टप्प्यांना मग ४५५ किलोहर्ट्झ एवढंच ओळखावं लागतं, म्हणून ते तेवढ्यावर बारीक जुळवता येतात. मिनेसोटातल्या वासेका गावच्या ई. एफ. जॉन्सन कंपनीचा पहिला मेसेंजर पाच चॅनेलांचा होता. म्हणजे दहा क्रिस्टल, आणि तेही गिऱ्हाइकाने आपल्याला हव्या त्या चॅनेलचे घ्यायचे. असा सेट उघडला की मला आधी क्रिस्टलवरचे आकडे वाचायचे असतात. कुठले पाच चॅनेल घेतले होते यावरून तो सेट कुणाशी बोलत होता याचा अंदाज बांधता येतो. दोन-तीन जागा रिकाम्याच असल्या, तर तो बहुधा एका दुकानाचा आणि त्याच्या एकाच गाडीचा जोडीदार होता.

तेवीसही चॅनेल द्यायचे तर ४६ क्रिस्टल लागतील. एवढी किंमत कोण देणार? मग एक सुंदर युक्ती आली. दोन गटांतले क्रिस्टल निवडून त्यांच्या वारंवारतांची वजाबाकी करायची. बरीच वापरली गेलेली एक मांडणी अशी: एका गटात सहा क्रिस्टल, ३७.६०० पासून प्रत्येकी ५० किलोहर्ट्झच्या पायरीने ३७.८५० पर्यंत. दुसऱ्या गटात चार: १०.६३५, १०.६२५, १०.६१५ आणि १०.५९५. ३७.६०० मधून १०.६३५ वजा केले की २६.९६५, चॅनेल १. तोच मोठा क्रिस्टल ठेवून पुढचे तीन वजा केले की २६.९७५, २६.९८५ आणि २७.००५, म्हणजे चॅनेल २, ३ आणि ४. मधला २६.९९५ जाणूनबुजून टाळलेला आहे, तो दूरनियंत्रित खेळण्यांसाठी होता. मग मोठा क्रिस्टल एका पायरीने वर नेला की चॅनेल ५ ते ८. ऐकण्यासाठी ४५५ किलोहर्ट्झने कमी असलेले आणखी चार, १०.१८० पासून पुढे. एकूण १४ क्रिस्टल, तेवीसही चॅनेल.

सहा गुणिले चार मात्र चोवीस होतात. एक जोडी उरते. शेवटच्या ३७.८५० मधून १०.६१५ वजा केले की २७.२३५, चॅनेल २२ आणि २३ च्या मधला. ती जागा अधिकृत चॅनेलची नव्हती. लोक तिला ‘२२ए’ म्हणायचे. पुष्कळ सेटांच्या चावीवर २२ आणि २३ च्या मध्ये एक कोरी खूण दिसते ती हीच. पुढे १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल ४० झाले तेव्हा २७.२३५ ला अधिकृत क्रमांक मिळाला, २४. म्हणूनच आजही चॅनेल २४ आणि २५ वारंवारतेने २३ च्या खाली आहेत. आकड्यांचा क्रम असा का मोडला, ते २२ आणि २३ च्या मधल्या त्या रिकाम्या जागेत दडलं आहे. हे मला पहिल्यांदा कागदावर मांडून कळलं त्या रात्री मी बराच वेळ तो कागद बाजूला ठेवू शकलो नव्हतो.

व्हॉल्व्हच्या बेस सेटांचं शिखर म्हणजे ब्राउनिंगचे गोल्डन ईगल. १९२०च्या दशकात ब्राउनिंग-ड्रेक रिसीव्हरमुळे नाव झालेल्या ग्लेन ब्राउनिंग यांनी काढलेली ही कंपनी, न्यू हॅम्पशायरमधल्या लॅकोनियाची. तिचा बेस सेट एका पेटीत नसायचा. रिसीव्हर वेगळा, ट्रान्समीटर वेगळा, आणि दोघांना जोडणारी केबल. तिथून जवळच विनिस्क्वाममध्ये ट्रॅम कंपनी टायटन आणि नंतर डी२०१ बनवत होती. या दोन्ही कंपन्यांच्या सेटांबद्दल संग्राहक ज्या आदराने बोलतात, तो मला पूर्ण पटतो. आतलं काम नीटस, चॅसिस भक्कम, ट्रान्सफॉर्मर गरजेपेक्षा मोठे. तरी नवशिक्याने पहिला सेट म्हणून गोल्डन ईगल घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. जोडीतला एक डबा एका गावात आणि दुसरा दुसऱ्या गावात विकला गेलेला असतो, मधली केबल हरवलेली असते, आणि रोग नेमका कुठल्या डब्यात आहे हे शोधताना नवा माणूस हताश होतो. सुरुवात जॉन्सनचा मेसेंजर, न्यूयॉर्कच्या लाफायेट कंपनीचे कॉमस्टॅट किंवा मिशिगनच्या हीथकिटच्या पेट्यांपासून करावी. हीथकिटचे सेट तर गिऱ्हाइकानेच घरी जोडायचे होते, त्यामुळे त्यांची पुस्तिका एकेका तारेची जागा सांगते. तिच्याइतकं चांगलं पाठ्यपुस्तक नाही.

आता हात फिरण्याबद्दल. सीबीचा सेट नियमाने ५ वॅटचा होता, आणि ही गोष्ट मालकांना बोचायची. १९५८ च्या सुमारास सूर्यावरचे डाग कमालीचे वाढलेले होते. त्या काळात २७ मेगाहर्ट्झच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून हजारो किलोमीटर जातात. लांबचा कुणीतरी ऐकू येतोय आणि आपलं त्याला ऐकू जात नाही, हे सहन होत नसे. मग पेटी उघडली जायची. वरच्या हिशेबात आपण पाहिलं की अडीच वॅट ध्वनी शेवटच्या व्हॉल्व्हच्या ५ वॅटला बरोबर पुरतो. ज्याने कॅरिअर वाढवला, त्याने ध्वनी तसाच ठेवला असेल तर आवाज पोकळ होतो. ज्याने ध्वनी मर्यादेत ठेवणारा रेझिस्टर कापून टाकला, त्याच्या सेटचा दाब शून्याच्या खाली ओढला जातो, कॅरिअर तुटतो आणि शेजारच्या चॅनेलांवर चिखल उडतो. कुणी पुढच्या पॅनेलला भोक पाडून जास्तीचा स्विच बसवलाय, कुणी क्रिस्टल काढून पट्टीबाहेरचे टाकलेत, कुणी कॉइलमधले फेराइटचे गाभे धातूच्या पेचकसाने फिरवून चिरवलेत. अमेरिकेतले जुने लोक अशा माणसाला ‘गोल्डन स्क्रूड्रायव्हर’ म्हणतात. त्याने सेट बिघडवला यापेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं की काय केलं ते त्याने कुठे लिहून ठेवलं नाही.

म्हणून विकत घेताना तळाच्या स्क्रूनंतर पाहायचं ते कॉइलांच्या डोक्यावर. कारखान्यात जुळवणी झाल्यावर तिथे मेणाचा किंवा रंगाचा ठिपका लावत. तो शाबूत असेल तर फार चांगलं. मग सोल्डरचे डाख बघावेत. कारखान्याचे एकसारखे असतात, नंतरच्याचा रंग वेगळा आणि गोळा मोठा. मग व्हॉल्व्ह. काचेच्या माथ्यावरचा चकचकीत रुपेरी डाग म्हणजे बेरियमचा थर, उरलीसुरली हवा शोषून घ्यायला ठेवलेला. तो दुधाळ पांढरा झाला असेल तर कुपीत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. पण तार लाल चमकते म्हणून व्हॉल्व्ह चांगला, असं मात्र मुळीच नाही. कॅथोड थकलेला असू शकतो, ते परीक्षक यंत्रावरच कळतं.

सेट घरी आला की त्याला लगेच विजेला लावू नका. माझ्या पहिल्या सेटच्या बाबतीत मी तेच केलं होतं. विकणाऱ्याने सांगितलं होतं की सेट चालू आहे. मिनिटभर घरघर आली, मग वास, आणि मग विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधून धूर. त्याच्या मापाचा ट्रान्सफॉर्मर मला पुन्हा मिळाला नाही. दोष होता तो फिल्टरच्या कंडेन्सरचा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून ओलसर असतो. वर्षानुवर्षं पडून राहिला की तो वाळतो, किंवा त्याच्यातला इन्सुलेशनचा पातळ थर विरतो, आणि मग तो जवळजवळ शॉर्टसारखा वागतो. सगळा भार ट्रान्सफॉर्मरवर पडतो.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी आकृती मिळवा. इंडियानापोलिसच्या हॉवर्ड सॅम्स कंपनीने फोटोफॅक्ट नावाने सीबी सेटांच्या पुस्तिका काढल्या होत्या. त्यात प्रत्येक व्हॉल्व्हच्या प्रत्येक पिनवर किती व्होल्ट असावेत ते दिलेलं असतं. पुष्कळ सेटांच्या झाकणाच्या आतही आकृती चिकटवलेली असते, झाकण फेकू नका. मग वीज न लावताच मीटरने ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्या गुंडाळ्या मोजा. त्यानंतर फिल्टरचे कंडेन्सर सरळ बदला. मायक्रोफॅरड तेवढेच किंवा किंचित जास्त, व्होल्टची क्षमता मूळच्याइतकी किंवा वरची. मेणकागदाचे जुने कंडेन्सरही बदला. सिरॅमिकच्या चकत्या आणि अभ्रकाचे कंडेन्सर सहसा ठीक असतात, त्यांना हात लावायची गरज नाही. सेलेनियमचा रेक्टिफायर असेल तर तोही काढावा. तो जळाला की निघणारा धूर घातक असतो.

मेणकागदाच्या कंडेन्सरांतला एक सगळ्यांत महत्त्वाचा: ध्वनीच्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीला जोडलेला. त्याचं काम आवाज पुढे जाऊ देणं आणि मागच्या टप्प्याचा उच्च दाब अडवणं. तो गळू लागला की जाळीवर धन दाब येतो, नळाची चावी पूर्ण उघडी पडते आणि प्लेट लालभडक होते. व्हॉल्व्ह तर जातोच, ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. सेट सुरू केल्यावर या जाळीवर मीटर ठेवावा. शून्य किंवा किंचित ऋण असेल तर निश्चिंत व्हावं. अर्धा-एक व्होल्ट धन दिसला तरी तात्काळ बंद करावा.

पहिल्यांदा वीज देताना सेटच्या वाटेत ४० ते ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब मालिकेत जोडतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब प्रखर पेटतो आणि सगळी वीज स्वतःवर घेतो. सेट ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. एवढ्याशा बल्बने किती ट्रान्सफॉर्मर वाचवलेत याची गणतीच नाही. आणखी एक. वीज बंद केल्यावरही फिल्टरच्या कंडेन्सरांत अडीचशे-तीनशे व्होल्ट राहतात. ते पाच वॅटच्या, काही किलोओहमच्या रेझिस्टरने उतरवावेत आणि मीटरने खात्री करावी. चालू सेटमध्ये मोजमाप करताना एक हात खिशात. हा नियम मी अजूनही मोडत नाही. काही जुन्या सेटांत विजेची एक तार आणि चॅसिस यांच्यामध्ये कंडेन्सर लावलेला असतो. तो गेला की अख्खी धातूची पेटी विजेला जोडली जाते. तिथे आजचा सुरक्षा-मानकाचा वाय प्रकारचा कंडेन्सरच लावावा.

हे सेट ११७ व्होल्टचे आहेत, हे भारतात आणणाऱ्याने विसरू नये. २३० व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतोच, शिवाय अमेरिकेत ६० हर्ट्झ आणि आपल्याकडे ५०, त्यामुळे सेटचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर इथे थोडा जास्त तापतो. ब्राउनिंगसारखे भरपूर लोखंड घातलेले सेट ते सोसतात, स्वस्तातले कुरकुरतात. आणि हा नुसता रेडिओ नव्हे, प्रक्षेपक आहे. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झची पट्टी ५ वॅटपर्यंत काही अटींवर परवान्याविना खुली आहे. जुने तेवीसही चॅनेल तिच्यात बसतात, पण चॅनेल ४० म्हणजे २७.४०५, तो बाहेर पडतो. आयातीचे आणि अँटेनाचे नियम आधी विचारून घ्यावेत. अमेरिकेतल्या मराठी घरांतून असा एखादा सेट इकडे पाठवणाऱ्यांनी तर आवर्जून.

माइकचा एक सल्ला, कारण लोक इथे फसतात. कोनिऑट, ओहायोच्या अस्टॅटिक कंपनीचा डी-१०४, गोल चकचकीत डोक्याचा, उभ्या दांड्याचा, टेबलावर ठेवला की कुठलाही सेट राजेशाही दिसतो. त्याच्यात रोशेल मिठाचा क्रिस्टल असतो. ते मीठ ओलाव्याने आणि उष्णतेने मरतं. मुंबईच्या किंवा गोव्याच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला डी-१०४ गप्प झाला, तर त्याचा दोष सेटमध्ये शोधत बसू नये. शिवाय माइकच्या पिनांची जोडणी प्रत्येक कंपनीने वेगळी केली आहे. प्लग बसला म्हणजे जुळला असं नाही.

आता शेवटची पायरी. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा खोटा भार लावतात, म्हणजे लहर बाहेर न जाता तिथेच उष्णता होऊन संपते. भाराशिवाय बटण कधी दाबू नये. तयार भार विकत मिळतो, पण त्या काळी सीबीवाले एक सोपी गोष्ट करायचे: ४७ नंबरचा छोटा पायलट बल्ब अँटेनाच्या प्लगला सोल्डर करून लावायचा. मी अजून तोच वापरतो. व्हॉल्व्ह तापायला पंधरा-वीस सेकंद द्यायचे. बटण दाबायचं, रिले खट् करतो, बल्ब मंद पिवळा पेटतो. तो कॅरिअर. मग प्लेटचा ट्यूनिंग कंडेन्सर हळूच फिरवून बल्ब जिथे सर्वाधिक उजळेल तिथे थांबायचं. आणि मग माइकशी सावकाश ‘हॅलो’ म्हणायचं. बल्ब आवाजासरशी उजळला पाहिजे. उलट तो मंदावला, तर ध्वनी आणि कॅरिअर यांचा तोल कुठेतरी गेलाय, पुन्हा आकृतीकडे जायचं.

तो उजळला की काम झालं. काढलेले जुने कंडेन्सर मी फेकून देत नाही. त्यांची छोटी पुडी करतो, कागदावर तारीख आणि कुठला भाग कुठे बदलला ते लिहितो, आणि दोन्ही पेटीच्या आत कोपऱ्यात, व्हॉल्व्हांच्या उष्णतेपासून दूर ठेवतो. मग झाकण लावतो. स्क्रू तेच, ज्या भोकातले त्या भोकात, आणि पेचकस खाचेच्या मापाचा.